दोन थर्मास आणि गवई सिस्टर

गवई सिस्टर कोणाच्याही घरात शिरल्या की नमस्कार आणि विचारपूस नंतर होई. आधी त्या समोरच्या बाईच्या डोळ्याखाली अंगठा टेकवीत, खालची पापणी ओढीत, आतला रंग पाहत आणि मगच चपला काढीत. बाई कोणाची कोण, हे त्या पाहत नसत. मोठ्या बागायतदाराची सून असो की वीटभट्टीवरची मजूर, अंगठा तोच. रंग लाल असला तर "बरं" एवढेच म्हणत. पांढुरका असला तर घरातल्या कर्त्या माणसाला हाक मारीत, आणि त्या माणसाची पुढची पाच मिनिटे कठीण जात.

गेल्या महिन्यात मेहकरात त्यांची श्रद्धांजली सभा झाली. चार वक्त्यांनी त्यांना 'मायाळू' म्हटले. एकाने 'ममतेची मूर्ती' म्हटले. हे असत्य आहे. मी त्यांना पंचवीस वर्षांहून अधिक काळ ओळखत होतो. त्या मायाळू नव्हत्या. त्या रागीट होत्या, आणि त्यांचा राग बहुतेक वेळा योग्य जागी पडत असे. माणूस मेला की त्याला पाकात बुडवून ठेवण्याची आपली रीत मला मान्य नाही. शिवाय त्या सभेच्या दाराशी जे मांडून ठेवले होते, ते पाहिल्यावर गप्प बसणे मला शक्य नाही. म्हणून हे लिहीत आहे.

मी तालुक्यातल्या एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. सिस्टर उपकेंद्राच्या परिचारिका म्हणून मुलींना लोहाच्या गोळ्या द्यायला येत. त्या येण्यापूर्वी हे काम असे चाले: शिक्षक गोळी देत, मुलगी ती जिभेखाली धरी, शिक्षक नोंदवहीत खूण करीत, मुलगी शाळेमागच्या नालीत थुंकून येई. सर्वांना ठाऊक होते. मलाही होते. सिस्टर पहिल्याच दिवशी वर्गात न जाता नालीकडे गेल्या. थोड्या वेळाने माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी टेबलावर रुमाल उघडला. त्यात चिखलाने माखलेल्या मूठभर गोळ्या होत्या.

"हेडसर, हे तुमच्या पोरींचं रक्त आहे. नालीत वाहून राह्यलं."

माझ्या हातात त्या वेळी माझी स्वतःची एक गोळी होती. ती मी तोंडात टाकली आणि वर चहाचा घोट घेतला.

"आन् हे काय करून राह्यले?"

"औषध घेतो आहे."

"चहासंगं?"

"सगळेच घेतात, सिस्टर."

"सगळे घेतेत म्हनूनच तं सरकार मले पगार देते."

एखाद्या परिचारिकेने मुख्याध्यापकाशी त्याच्याच खोलीत असे बोलावे, हे मला तेव्हा रुचले नाही. परंतु त्यांचे म्हणणे खरे होते. आमच्या भागात गोळी पाण्याबरोबर घेणारा माणूस विरळा. अनशापोटी पाणी बाधते, गरम घोटाबरोबर औषध लवकर लागू पडते, अशी समजूत आहे. तापाची असो, दम्याची असो, रक्ताची असो, गोळी चहानेच उतरते. सिस्टरांनी आपले अर्धे आयुष्य या एका घोटाशी भांडण्यात घालवले. त्यांचे एक वाक्य तालुक्यात सर्वांना पाठ होते. "गोयी आन् चहा सवती आहेत. एका टायमाले एका घरात ठेवू नका. एक गेल्यावर तासाभरानं दुसरी." बायका हसत, आणि हसताहसता तास पाळू लागत.

पुढल्या आठवड्यापासून आमच्या शाळेत प्रत्येक मुलगी गोळी गिळून तोंड उघडून दाखवू लागली. जीभ वर, मग दोन्ही गाल. ही पद्धत सिस्टरांची. मी ती शिस्त म्हणून शिकलो. पुढे तिचा मी काय उपयोग केला, ते सांगणे भाग आहे.

सिस्टर स्वतः कोणाच्या घरी चहा घेत नसत. लोक याला गर्व समजत. एकदा मी कारण विचारले. नोकरीच्या सुरुवातीला एका मोठ्या घरी त्यांनी त्या घरच्या सुनेचे बाळंतपण केले होते. त्यानंतर त्यांना चहा मिळाला. मात्र त्यांचा कप आत गेला नाही. तो अंगणाच्या भिंतीवर ठेवला गेला आणि पुढच्या खेपेला तोच तिथून उतरवला गेला. "लेकरू काढाले हात चालला, सर. कपाले चालला नाही. भांडत बसली असती तं दुसऱ्या बाईले उशीर झाला असता. मंग म्या कपच सोडला." एवढे सांगून त्या पाणी प्यायल्या आणि पुढच्या घरी गेल्या. त्या मोठ्या घरातला कर्ता पुरुष त्या श्रद्धांजली सभेत व्यासपीठावर बसला होता. 'ममतेची मूर्ती' हे शब्द त्याचेच.

आता माझ्या घराविषयी.

काही वर्षांपूर्वी मेहकरात एक आरोग्यवर्ग सुरू झाला. चालक पांढऱ्या बुटांतला, गुळगुळीत बोलणारा गृहस्थ. सकाळी फिरायला जाणारे आम्ही निवृत्त लोक तिथे जाऊन बसू लागलो. तो ग्रीन टीची पाकिटे विकी. वजन, साखर, रक्तदाब, सांधे, स्मरणशक्ती, सर्वांवर उपाय एकच. आमच्यात वाद एवढाच उरला की तो गरम प्यावा की थंड. बँकेतून निवृत्त झालेले एक जण म्हणत, गरम प्यायल्याने चरबी वितळते. दुसरे म्हणत, उकळत्या पाण्याने पानातला गुण मरतो, रात्रभर भिजवून थंडच घ्यावा. सुशिक्षित माणसे या प्रश्नावर महिनाभर भांडली. चालकाला विचारले तर तो म्हणे, "दोन्ही उत्तम. पाकीट मात्र आपलंच घ्या." अखेर निवाडा माझ्याकडे आला. मी दिला: सकाळी गरम, दुपारी थंड. सर्वांनी मान डोलावली. त्या निवाड्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

त्याच सुमारास माझी सून वैशाली दुसऱ्यांदा गरोदर होती. मुलगा जालन्याला कंपनीत. तो फक्त रविवारी घरी येई. माझी पत्नी हयात नाही. वैशालीचीही आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच व्हायचे होते. पहिल्या खेपेला तिला फार रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी या वेळी स्पष्ट बजावले: हिमोग्लोबिन आठ आहे, बाळंतपणाआधी ते वाढलेच पाहिजे, नाही तर बाईच्या जिवाला धोका आहे. गोळ्या लिहून दिल्या. त्या रोज वेळेवर पोटात जातील, ही जबाबदारी मी घेतली.

आरोग्यवर्गात सांगितले गेले होते की ग्रीन टीने रक्त शुद्ध होते. जे शुद्ध होते ते वाढतही असेल, असे मी धरून चाललो. मी तीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवले. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहिले आहे.

रोज सकाळी सात वाजता मी स्वतःच्या हाताने ग्रीन टीचा गरम पेला वैशालीपुढे ठेवी. तिच्या तळहातावर गोळी ठेवी. तिने ती माझ्यासमोर त्या पेल्याबरोबर गिळावी असा नियम होता. दुपारी जेवणाबरोबर माठाजवळ गार केलेला दुसरा पेला. दोन महिन्यांत एक दिवस चुकला नाही. मग रक्त तपासले. आठाला थोडे कमीच निघाले.

डॉक्टरांनी तिला विचारले, "गोळ्या घेता ना?" ती "हो" म्हणाली. ते म्हणाले, "घेतल्या असत्या तर थोडा तरी फरक दिसला असता. असंच राहिलं तर बुलढाण्याला न्यावं लागेल, रक्त तयार ठेवावं लागेल."

घरी आल्यावर मी तिला उभे केले. माझ्या डोळ्यांपुढे शाळेमागची नाली होती. मी म्हणालो, "जिभेखाली गोळी लपवणाऱ्या मुली मी आयुष्यभर पाहिल्या आहेत. खोटे बोलून तू मला फसवत नाहीस, पोटातल्या जिवाला फसवतेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गोळी गिळली, पेला रिकामा केला, आणि मी न सांगता तोंड उघडले. जीभ वर केली. उजवा गाल दाखवला, मग डावा. त्यानंतर रोज तसेच. सत्तावीस वर्षांच्या, एका लेकराची आई असलेल्या बाईने सासऱ्यापुढे रोज तोंड उघडून उभे राहावे, आणि त्या सासऱ्याने त्यातही खोट शोधावी. मी शोधत होतो.

असे दहा-बारा दिवस गेले. एके दिवशी सकाळी सातच्या ठोक्याला सिस्टर आल्या. त्या निवृत्त झाल्या होत्या, परंतु फिरणे चालूच होते. नेहमीप्रमाणे अंगठा वैशालीच्या डोळ्याखाली गेला. मग हाक आली.

"हेडसर, हे काय आहे? दुधाची साय बरी याच्यापरीस. गोया घेते का नाही हे?"

"घेते म्हणते. मला शंका आहे."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिले नाही. "पोरी, कवा घेते?"

"सात वाजता. मामाजी देतेत."

"कायच्यासंगं?"

वैशालीने नुसते पेल्याकडे बोट केले. सिस्टरांनी तो उचलला, हुंगला.

"हे काय व्हय?"

"ग्रीन टी," मी म्हणालो. "सकाळी गरम देतो, दुपारी थंड. गरम अधिक चांगला की थंड, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. मात्र त्यात दूध नाही, साखर नाही."

"अक्कल बी नाही," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी पेला मोरीत ओतला. नंतर त्या जे बोलल्या ते मला शब्दशः आठवते. "सर, चहा हिरवा असो का काया, गरम असो का थंडा, रक्ताच्या गोयीले तो आंगी लागू देत नाही. तुमी एका हातानं पोरीले रक्त देऊन राह्यले आन् दुसऱ्या हातानं धून काढून राह्यले. रोज. टायमावर. तुमच्या शिस्तीनंच घात केला तिचा." पुढे म्हणाल्या, "तुमी शंका कोनाची घेतली? पोरगी खरं बोलून राह्यली व्हती. खोटा तुमचा गिलास व्हता. तिची माफी मांगा."

मी उभा होतो. वैशाली भिंतीकडे पाहत होती.

"बसतो मी," सिस्टर म्हणाल्या आणि बसल्या. अर्धा तास बसल्या. मी कोणाची माफी कधी मागितली नव्हती. घरात नाही, शाळेत नाही. शब्द तोंडापर्यंत आला नाही. अखेर त्या उठल्या. "आज नाही तं उद्या. मी इचारत जाईन."

कामात मात्र मी कसूर केली नाही. ग्रीन टी त्याच दिवशी बंद झाला. गोळी सकाळी अकराला, लिंबाच्या पाण्याबरोबर. आधी एक तास आणि नंतर एक तास घरात चहाचे भांडे चुलीवर चढत नसे. मीही पीत नसे. उरलेली पाकिटे मी आरोग्यवर्गात नेऊन ठेवली आणि चालकाला सर्व प्रकार सांगितला. त्याने शांतपणे ऐकले. म्हणाला, "सर, मग गरोदर बाईला थंड देऊन पाहायचा होता." दुसऱ्या दिवशी त्याचा वर्ग पूर्वीसारखाच भरला. माझे फिरायला येणारे मित्र त्यात होते. गरम की थंड, हा वाद चालू होता.

पुढच्या तपासणीत आकडा साडेनऊवर आला, त्यापुढच्या खेपेस दहावर. वैशाली मेहकरातच बाळंत झाली. मुलगी झाली. वरून रक्त द्यावे लागले नाही. सिस्टर दवाखान्यात आल्या, तिची पापणी ओढून पाहिली, "बरं" म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"सांगतलं का?"

"नाही."

तेव्हापासून या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. बाजारात भेटल्या की, "सांगतलं का?" लग्नाच्या पंगतीत समोरच्या ओळीतून नुसती हनुवटी उचलत; मी मान हलवी. एकदा साखरखेर्ड्याच्या गाडीत मी मागे बसलो होतो. त्या पुढच्या आसनावरून वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हेडसर, सांगतलं का नाही अजून?" सारी गाडी माझ्याकडे पाहू लागली. एकदा मी चिडून म्हणालो, "तिचे सर्व करतो, लेकरे सांभाळतो. तिला समजत असेल." त्या म्हणाल्या, "समजत असंन म्हनून सांगाचं नाही? मंग शायेत खडू कायले झिजवला तीस वर्ष? पोरायले घरीच समजलं असतं."

अशी तीन वर्षे गेली.

दिवाळीनंतर त्या आमच्याकडे आल्या, ते शेवटचे. त्या दिवशी त्यांनी प्रथमच माझ्या डोळ्याखाली अंगठा टेकवला. "चुना आहे, सर. उद्या तपासा आन् गोयी चालू करा. कायच्यासंगं घ्याची ते सांगाची गरज नाही." जाताना चपला घालण्यासाठी त्यांनी दाराची चौकट धरली. पूर्वी त्या कशालाही धरत नसत. चेहरा कागदासारखा दिसत होता. ते मी पाहिले, आणि दगदगीचा परिणाम समजून गप्प राहिलो. पोटातल्या व्रणातून त्यांचे रक्त आतल्या आत जात होते. कळले तेव्हा उशीर झाला होता. ज्या बाईने तालुक्यातल्या हजारो पापण्या ओढल्या, तिच्या डोळ्याखाली अंगठा ठेवण्याचे कोणालाही सुचले नाही. मी समोर उभा होतो. मलाही सुचले नाही.

आणि मग ती सभा. सभागृहाच्या दाराशी पांढरी चादर घातलेले टेबल होते. त्यावर सिस्टरांचा हार घातलेला फोटो, आणि फोटोच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे थर्मास. एकावर चिठ्ठी, 'गरम'. दुसऱ्यावर, 'थंड'. आरोग्यवर्गाच्या वतीने सिस्टरांच्या स्मरणार्थ सर्वांना ग्रीन टी. चालक स्वतः कागदी पेले भरून देत होता. रांगेत दिवस भरत आलेली एक बाई होती. तिने विचारले, "दादा, म्या कोनता घेऊ?"

"ताई, तुम्ही थंड घ्या," तो म्हणाला.

मी त्या बाईला विचारले, "रक्ताची गोळी कधी घेता?"

"आत्ताच घेतो ना, आजोबा. याच्यासंगं." तिने मूठ उघडली. गोळी तिच्या तळहातावर होती.

मी तिला पाण्याचा पेला आणून दिला आणि ज्यासाठी सिस्टर आयुष्यभर भांडल्या ते सांगितले. तिने ऐकले. टेबल जागच्या जागी राहिले.

मला बोलायला उभे केले तेव्हा सर्व सांगावे असे मनात होते. परंतु जे घरात सांगितले नव्हते ते सभेत सांगण्याचा मला काय अधिकार होता? मी दोन वाक्ये बोललो. "सिस्टर कोणाच्या हातचा चहा पीत नसत, का पीत नसत, ते या व्यासपीठावर एकाला ठाऊक आहे. दाराशी ठेवलेले थर्मास उचला." खाली बसलो. कोणी उठले नाही. म्हाताऱ्याचा तापट स्वभाव म्हणून लोकांनी ते सोडून दिले, आणि पुढचा वक्ता 'मायाळू' या शब्दापासून सुरू झाला. मी बाहेर आलो, सिस्टरांनी चालू करायला लावलेली माझी रक्ताची गोळी पाण्याबरोबर घेतली आणि घरी निघालो.

घरी वैशाली ओट्याजवळ होती. मी चपला न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"तीन वर्षांपूर्वी मी तुला खोटी म्हणालो. तू खरी होतीस. चूक माझी होती. मला क्षमा कर."

तिने हातातले भांडे खाली ठेवले. पदराच्या टोकाने हात पुसले.

"सिस्टरनं मले त्याच दिवशी सांगतलं होतं, मामाजी," ती म्हणाली. "म्हने, सर मांगतीन माफी. पन टाइम लागंन, हेडमास्तर आहेत. तू मातर तोवर विसरू नको."

"आणि तू?"

"नाही विसरली."

मी चपला काढल्या आणि खुर्चीवर बसलो. काही वेळाने तिने विचारले, "चहा मांडू का?"

मी घड्याळाकडे पाहिले. गोळी घेऊन पाऊण तास झाला होता.

"पंधरा मिनिटांनी," मी म्हणालो.